बांध पाहायला कमिशनर जातो

"तक्रार खरी असती, तर आईने ती मागे घेतली असती का, साहेब?"

माझ्या जावयाच्या वकिलांनी हे वाक्य भर न्यायालयात उच्चारले, तेव्हा मी मागच्या बाकावर बसलो होतो. आवाज चढवलेला नव्हता. हवापाण्याविषयी बोलावे इतक्या सहजतेने ते बोलले आणि न्यायाधीशांनी मान खाली घालून काहीतरी लिहून घेतले. माझी मुलगी माझ्याकडे वळून पाहू लागली. तक्रार का मागे घेतली, हे त्या दालनात आम्हा दोघांना आणि जावयाला माहीत होते आणि ते विचारावे असे तिथे कोणालाही वाटत नव्हते.

मी कोणाचेही नाव लिहीत नाही. अत्याचार झालेल्या बालकाची ओळख उघड करू नये, असे कायदा सांगतो, आणि कायदा इतरांनी पाळावा असे वाटत असेल तर तो आधी आपण पाळावा, अशी माझी धारणा आहे. न्यायालय शिरूर तालुक्यातले की दौंड तालुक्यातले, हेही सांगत नाही. आमचे गाव भीमेच्या या अंगाला, मुलीचे सासर यवतजवळ, त्या अंगाला. एवढे पुरे.

माझ्याविषयी मात्र थोडे सांगावे लागेल. मी गावच्या सोसायटीचा सचिव म्हणून निवृत्त झालो. शेती आहे. आणि मला पत्रे लिहिण्याची सवय आहे. कालव्याचे आवर्तन चुकले की पाटबंधारे खात्याला, शाळेचे छप्पर गळले की पंचायत समितीला, एसटी थांबली नाही की आगारप्रमुखांना. पोच घेतल्याशिवाय मी कार्यालयाची पायरी उतरत नाही. गावात याची टिंगल होते. "आप्पा, म्हैस आटली माझी. येक अर्ज टाका की तिला," असे पारावरून कोणीतरी ओरडते, आणि मी विचारतो की म्हशीचा पत्ता काय. चेष्टा मला चालते. अर्जाने कामे होतात, हे त्यांनीही पाहिले आहे, मीही पाहिले आहे. माझ्या नातीच्या बाबतीत मात्र माझ्या एकाही अर्जाचे कोणाला काही वाटले नाही. या लेखनातला राग तिथला आहे.

नात सात वर्षांची आहे. दिवाळीला आईबरोबर आमच्याकडे आली होती. पहिल्या आंघोळीच्या दिवशी माझी पत्नी तिला तेल लावायला बसली, तर पोर परकर वर करू देईना. लाजते आहे, असे पत्नीला वाटले. मग पोटऱ्यांवरचे वळ दिसले. काही जुने, काही ताजे, सगळे एकाच जाडीचे. आमच्या भागातल्या कोणालाही ते कशाचे हे सांगावे लागत नाही. पाणबुडी मोटारीच्या केबलचा तुकडा प्रत्येक शेतकऱ्याच्या घरी कोपऱ्यात पडलेला असतो.

तिने आजीला जे सांगितले, ते थोडक्यात असे. अभ्यास चुकला, दूध सांडले, हाक मारल्यावर लगेच आली नाही, की वडील केबलने मारत. मग शेतातल्या मोटारीच्या खोलीत घालून बाहेरून कडी लावत. त्या खोलीत स्टार्टर असतो, त्याच्या वायरी उघड्या असतात, खिडकी नसते. कशाला हात लावू नकोस, लावलास तर मरशील, असे सांगून ते जात. ती मधोमध उभी राहत असे. बसत नसे, कारण बसताना भिंतीला पाठ लागली तर काय, याची तिला भीती.

माझ्या मुलीला माराची कल्पना होती. तिने अडवले होते आणि तिनेही तो खाल्ला होता. खोलीची कल्पना नव्हती. ती सकाळी एका खासगी शाळेत शिकवायला जात असे आणि कोंडणे तेव्हा घडत असे.

आम्ही सरकारी दवाखान्यात गेलो, तिथून पोलीस ठाण्यात गेलो. ठाणे अंमलदारांनी सभ्यपणे ऐकून घेतले. घरगुती मामला आहे, सणासुदीचे दिवस आहेत, अदखलपात्र नोंद करतो, असे म्हणाले. लहान मुलाशी क्रूरपणे वागणाऱ्यासाठी बाल न्याय कायद्यात स्वतंत्र कलम आहे, ते मी त्यांना वाचून दाखवले. त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला. नोंद अदखलपात्रच झाली. खोली पाहायला या, अशी मी विनंती केली. मनुष्यबळ नाही, असे उत्तर मिळाले. त्याच महिन्यात आमच्या शिवारात केबल चोरीला गेली, तेव्हा दोन पोलीस मोटारसायकलवर आले, विहिरीवर उभे राहिले आणि त्यांनी रीतसर पंचनामा केला.

आता मागे घेतलेल्या तक्रारीविषयी.

दिवाळीनंतर जावयाच्या धाकट्या बहिणीचे लग्न ठरलेले होते. सुपारी फुटली होती, मुलगा केंदूरचा. वराकडच्यांच्या कानावर पोलीस ठाण्याची गोष्ट गेली आणि ते मागे सरू लागले. तेव्हा तळेगाव ढमढेऱ्याला, माझ्या मुलीचे लग्न ज्यांनी जुळवले होते त्या मध्यस्थांच्या घरी, बैठक बोलावण्यात आली. आमच्याकडे ही रीतच आहे. सोयरिकीत तेढ आली की दोन्हीकडची वडीलधारी माणसे बसतात, चहा होतो, कोणीतरी रागावतो, कोणीतरी रडतो आणि शेवटी दोन्ही बाजू काहीतरी सोडून उठतात. सोडल्याशिवाय उठायचे नाही, हा नियम. आजवर या रीतीने पुष्कळ घरे सावरली आहेत, हे मी नाकारत नाही.

मी उंबऱ्यातच म्हणालो की तक्रारीवर इथे चर्चा होऊ शकत नाही. त्यावर मध्यस्थ हसून म्हणाले, "आप्पा, चपलांबरूबर कायदा बी भायेर काढून ठिवा. आत सोयरं बसल्यात." सगळे हसले. मी कायदा घेऊनच आत गेलो आणि तासभर एकटाच बोललो.

जावयाने पोरीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली की पुन्हा बोट लावणार नाही. माझ्यासमोर, सगळ्या वडीलधाऱ्यांसमोर घेतली. त्यांच्या मते त्यांनी सोडायचे ते सोडले होते. आता आमची पाळी होती.

तरीही माझी मुलगी डळमळली नसती. ती डळमळली नणंदेमुळे. त्या घरात मोटारीच्या खोलीची कडी उघडणारे एकच माणूस होते, ती नणंद. भाऊ शेताच्या दुसऱ्या टोकाला गेला की ती भाकरी द्यायच्या निमित्ताने यायची आणि पोरीला बाहेर काढायची. बैठकीत ती स्वयंपाकघराच्या दाराआड उभी होती. माझ्या मुलीने तिच्याकडे पाहिले आणि मला बाजूला घेऊन सांगितले, "आप्पा, तिचं लगीन माझ्यापायी मोडलं, तर मला पोरीच्या डोळ्याला डोळा देता यायचा न्हाई. तिनंच राखलीया हिला." मी विरोध केला. तो निर्णय तिचा होता आणि तिने तो घेतला.

पोलीस ठाण्यात तक्रार मागे घ्यायची म्हणजे तिथे एक ठरलेले वाक्य आहे. तुम्ही काहीही सांगा, लिहिले जाते तेच. ‘रागाच्या भरात व गैरसमजुतीतून तक्रार दिली होती; आता काही म्हणणे नाही.’ मुलीने ‘नणंदेच्या लग्नासाठी’ असे लिहा म्हणून सांगितले. तसे लिहिता येत नाही, असे उत्तर आले. तिने सही केली. लग्न थाटात झाले. लग्नानंतर महिन्याच्या आत शपथ मोडली आणि माझी मुलगी पोरीला घेऊन कायमची आमच्याकडे आली. तिने काही हालचाल करण्याआधीच जावयाने दावा दाखल केला: पत्नीने नांदायला यावे आणि अपत्याचा ताबा मिळावा. दाव्याला पहिलाच कागद जोडला होता तो तिच्या सहीचा. रागाच्या भरात व गैरसमजुतीतून.

बैठकीत आम्ही तक्रार सोडली, ती सोयरेपणाने. न्यायालयात तिचा अर्थ झाला की ती खोटी होती. मला त्या वकिलांपेक्षा जास्त राग येतो तो याचा, की त्या दालनातला प्रत्येक माणूस याच मातीतला होता. बैठका कशा होतात, कागद कसे मागे घेतले जातात, हे पट्टेवाल्यापासून वरपर्यंत सर्वांना ठाऊक आहे. त्यांच्याही घरात बैठका झालेल्या असतील. काळा कोट चढवला की हे ज्ञान कुठे जाते?

कुटुंब न्यायालय पुणे शहरात आहे. तिथे समुपदेशक असतात, मुलांसाठी खोली असते, असे मी ऐकतो. आमच्याकडे दिवाणी न्यायाधीशच हे दावे चालवतात. सकाळच्या सत्रात बांध कोरल्याचा दावा, मग विहिरीतल्या हिश्शाचा, मग माझी नात. बोर्डावर क्रमांक लागतात तसे. मी न्यायाधीशांना दुष्ट म्हणत नाही. कामाने वाकलेला, चष्म्याच्या वरून पाहणारा, सभ्य माणूस. पण सभ्यपणाने पोरीचे काय झाले, ते सांगतो.

त्यांनी तिला आपल्या कक्षात बोलावले. आम्ही बाहेर. ती लवकरच बाहेर आली, हातात चॉकलेट होते. त्यानंतर झालेल्या अंतरिम आदेशात असे नमूद झाले की अपत्याने वडील आवडतात असे सांगितले, आई क्वचित मारते असेही सांगितले, वडिलांविषयी तिच्या मनात भीती दिसून आली नाही. सबब दर महिन्याच्या दुसऱ्या व चौथ्या शनिवारी तिने वडिलांकडे मुक्कामी जावे.

त्या दिवशी आम्ही गाडीने घरी निघालो. न्हावरा गाव मागे पडल्यावर नात म्हणाली, "आप्पा, त्यांनी मोटारीच्या खोलीचं इचारलंच न्हाई."

तिच्या आईने विचारले, मग तू का नाही सांगितलेस.

"इचारल्याबिगर बोलू न्हाई म्हणून बाई सांगत्यात."

वडील आवडतात का, असे विचारले तर सात वर्षांचे कोणते मूल नाही म्हणेल? तिला वडील आवडतात. ते तिला जत्रेत खांद्यावर घेतात. तिला ती खोलीही आठवते. दोन्ही एकाच पोरीच्या डोक्यात आहेत आणि त्यांतले कोणतेच खोटे नाही. पण मुलाने सांगितले, तर आईने पढवले. मुलाने सांगितले नाही, तर काही घडलेच नाही. या दोन दारांतून बाहेर पडायला तिसरी वाट कुठे आहे, ती मला कोणीही दाखवावी.

मी न्यायाधीशांना पत्र लिहिले. आमच्या वकिलांनी ते वाचले, घडी घातली आणि मला परत दिले. चालू दाव्यात न्यायाधीशांना पत्र पाठवता येत नाही, उलट तुमच्यावरच शेकेल, असे ते म्हणाले, आणि ते बरोबर होते. मग मी बाल कल्याण समितीला लिहिले. प्रकरण न्यायप्रविष्ट असल्याचे उत्तर आले.

मुक्कामाचा पहिला शनिवार आला. नातीचे ‘हस्तांतर’ यवतच्या एसटी थांब्यावर व्हायचे होते. हा शब्द माझा नाही, आदेशातला आहे. उन्हाळा होता. रसवंतीच्या सावलीत आम्ही उभे होतो, तेव्हा तिच्या पायांकडे माझे लक्ष गेले. तिने लेगिंग्जवर लेगिंग्ज घातली होती. एवढ्या उन्हात दोन कशाला, असे मी विचारले. तिने वरची नीट खाली ओढून घेतली. जावई मोटारसायकलवर आला, माझ्या पाया पडला, पोरीला पुढे बसवले आणि गेला. मी आयुष्यात पुष्कळ गोष्टींवर चिडलो आहे. त्या थांब्यावर मला जे झाले, त्याला मी अजून नाव देऊ शकलेलो नाही.

दुसऱ्या दिवशी ती परतली. अंगावर वळ नव्हते. माझी पत्नी तिला भाकरी कुस्करून देत होती. तेव्हा खाता खाता ती म्हणाली, की पप्पांनी मोटारीच्या खोलीला नवी कडी बसवली. तिला बोलावून दाखवली.

मी तेव्हाच आमच्या वकिलांना फोन लावला. खोली पाहायला कोर्ट कमिशनर नेमावा, असा अर्ज करा, असे सांगितले. ते मग समजुतीच्या सुरात म्हणाले, "आप्पा, कमिशनर बांध पाहायला जातो. ताब्याच्या दाव्यात कोणी कमिशनर मागत नाही. आणि मोटारीच्या खोलीला कडी असतेच."

मीही ते जाणून होतो. पण त्याच न्यायालयात, आमच्या आधीच्या दाव्यात, दोन भावांच्या मधला वीतभर बांध कोणी कोरला हे पाहण्यासाठी कमिशनर नेमला गेल्याचे मी माझ्या कानांनी ऐकले होते. तो गेला, त्याने मोजणी केली, नकाशा काढला, पंचांच्या सह्या घेतल्या. मातीसाठी. मी वकिलांना म्हणालो, अर्ज मी लिहितो, तुम्ही फक्त दाखल करा. त्यांनी माझ्या हट्टाला मान दिला.

त्याच आठवड्यात माझ्या मुलीने केंदूरला नणंदेला फोन केला. काही मागायला नाही. दोघींचे बोलणे कधी तुटले नव्हते. बोलता बोलता नव्या कडीचे निघाले. नणंदेने फोन ठेवून दिला. दोन दिवसांनी ती नवऱ्याच्या मोटारसायकलवरून आमच्या दारात उतरली. नवरा बाहेर माझ्या पत्नीशी फुलांच्या बाजाराविषयी बोलत बसला, ती आत आली.

"आप्पा, जुन्या कडीचं स्क्रू म्याच ढिलं केलं हुतं," ती म्हणाली. "पोरीला दावलं बी हुतं. आतनं खांदा मारला की दार उघडायचं. मला येता न्हाई आलं, तर दादा लांब गेला की तिनं उघडायचं आन् बांधाला यिऊन बसायचं. त्याला वाटायचं मी काढली."

मी पाण्याचा तांब्या तिच्यापुढे ठेवला.

"वैनीनं माझ्या लग्नापायी कागद मागं घेतला. आता त्योच कागद तिच्या तोंडावर मारत्यात. आन् तिकडं नवी कडी. मला सांगा काय लिहायचं आन् कुठं सही करायची."

मी तिला सांगितले की काय लिहायचे हे मी सांगणार नाही, नाहीतर उद्या तेही मी पढवलेले ठरेल. वकिलांकडे जा आणि जे पाहिले ते सांग. आणि विचारले, माहेराचे काय. तिने पदराने तोंड पुसले. "भाऊबीजेला न्हाई बोलावणार. न्हाई तर न्हाई."

तिने प्रतिज्ञापत्र केले. कडी, स्क्रू, केबल, आणि तक्रार कोणासाठी मागे घेतली तेही. जावयाच्या वकिलांनी ते वाचले आणि सांगितले की नणंद-भावजयीचे संगनमत आहे. सख्खी बहीण भावाविरुद्ध उगाच उभी राहील का, असा प्रश्न त्यांना कोणी विचारला नाही. आमच्या भागात असे उभे राहणे म्हणजे काय, हे त्यांनाही माहीत होते.

आदेश झाला. मुक्काम तूर्त बंद. भेट न्यायालयाच्या आवारात, कर्मचाऱ्याच्या देखरेखीत. माझ्या मुलीने तिथेच नणंदेचा हात धरला. मी आदेशाची प्रत पुढे वाचत राहिलो, कारण मला तशी सवय आहे. त्यात लिहिले होते की आरोपांच्या सत्यतेविषयी या टप्प्यावर मत व्यक्त करण्याची आवश्यकता नाही, आणि कमिशनर नेमण्याचा अर्ज अनावश्यक असल्याने निकाली काढण्यात येतो. म्हणजे पोरगी वाचली, ती एका बाईने आपले माहेर सोडले म्हणून. न्यायालयाने काही पाहिले म्हणून नव्हे. ज्या पोरीला अशी आत्या नसेल, ती चौथ्या शनिवारी कुठे असेल? आणि कोणत्या टप्प्यावर आवश्यकता भासते? कडी दोनदा बदलून झाल्यावर? साक्षीपुराव्याची तारीख अजून पडायची आहे. ती पडेल तेव्हा पोरीची शाळा बदललेली असेल, पोटऱ्या बऱ्या झालेल्या असतील आणि ती खोली रंगवून झालेली असेल.

भाऊबीजेला नणंदेला खरोखरच बोलावणे आले नाही. ती आमच्याकडे आली, वहिनीजवळ जेवली आणि अंधार पडायच्या आत परतली.

त्या दिवाळीत मी आणखी एक गोष्ट केली. नात आमच्या मळ्यात सगळीकडे हिंडते, पण आमच्या मोटारीच्या खोलीच्या बाजूने जात नाही, विहिरीला वळसा घालून जाते, हे माझ्या ध्यानात आले होते. मी पाने आणि स्क्रूड्रायव्हर आणले, बिजागऱ्या सोडवल्या आणि दार काढून गोठ्याच्या भिंतीला लावून ठेवले. ती लांबून पाहत होती. जवळ आली नाही. अजूनही आलेली नाही.

शेजारी बांधावरून म्हणाला, "आप्पा, दार काढलं. आता केबल जाईल की चोरीला."

जाऊ दे, मी म्हणालो. केबल गेली, तर पंचनाम्याला पोलीस येतील.